अण्णांचे स्पीकर

रविवारी सकाळी नऊ ते बारा आमच्या घरात कुणी खोकायचं नाही असा नियम होता. खोकला आलाच तर उठून मोरीत जायचं, दार लावून घ्यायचं आणि काय ते खोकून परत यायचं. डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला आमच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत अण्णांची वेताची खुर्ची, समोर रेकॉर्ड प्लेअर, आणि त्याच्या दोन बाजूंना, भिंतीपासून बरोबर दोन वीत पुढे, दोन लाकडी पेट्या. त्या पेट्या म्हणजे अण्णांचे स्पीकर. आमच्या बिल्डिंगीत कुणाचा देव्हाराही इतका निगुतीने पुसला जात नसेल. पेट्यांना हात लावायचा अधिकार फक्त अण्णांना, आणि धूळ पुसायचा फक्त आईला, तोही अण्णा समोर उभे असताना.

रविवारी आई साडेसहाला मासळी बाजारात जायची आणि आठच्या आत तिचं कालवण झालेलं असायचं. बोंबील तळायचे असले तर तेही आठच्या आत, कारण नऊनंतर कढईचा चर्र आवाज अण्णांना चालत नसे. कुकरच्या शिट्टीचं तर नावच नको. तळलेले बोंबील ताटाखाली झाकून ठेवले जायचे आणि साडेबाराला आमच्या पानात पडायचे तेव्हा ते ओल्या पुठ्ठ्यासारखे झालेले असायचे. बोंबील कढईतून थेट पानात घ्यायचा असतो हे मला फार उशिरा कळलं. आईच्या हातातल्या काचेच्या बांगड्यांचीही अण्णांना कटकट वाटायची. सवाष्णीने हात मोकळे ठेवू नयेत म्हणून ती बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवायची आणि त्यांच्यावर रुमाल करकचून बांधायची. जखम झाल्यासारखे ते दोन्ही हात घेऊन ती तीन तास स्वयंपाकघरात पाटावर बसून तांदूळ निवडत असे. शेजारच्या बाईंनी एकदा विचारलं, "अहो, रविवारी तुमच्या हाताला काय होतं?" आई म्हणाली, "संधिवात आहे."

अण्णा कोलशेतच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये सुपरवायझर होते. पत्रा दाबून त्याचे भाग काढणारी मोठमोठी यंत्रं तिथे होती. ती बसवायला विलायतेहून एक इंजिनीअर आलेला. अण्णांनी वर्षभर त्याच्या हाताखाली काम केलं, त्याच्या बंगलीवर संध्याकाळी बसून त्याचं संगीत ऐकलं, आणि परत जाताना त्याने हे जुने स्पीकर अण्णांना देऊन टाकले. कोलशेतपासून डोंबिवलीपर्यंत अण्णा टेम्पोच्या मागच्या फळीवर दोन पेट्यांच्या मध्ये बसून आले, एकेका पेटीला एकेक हात घालून. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. आम्हा दोघा भावंडांना त्यांनी असं कधी धरलं नव्हतं, हे मला तेव्हाही जाणवलं होतं.

ऐकून झालं की परीक्षा. दादाला आणि मला समोर सतरंजीवर बसवून विचारायचे, "आज काय ऐकलंस?" राग कोणता, तबला कुठल्या पेटीतून येत होता, तानपुरे एक की दोन. चुकलं की त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. "कान नाहीत, नुसती दोन भोकं आहेत." मारायचे क्वचित. मारण्यापेक्षा त्यांना माणूस लहान झालेला बघायला आवडायचं. दादा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना त्याने सारंगीला व्हायोलिन म्हटलं. अण्णांनी त्याला बाहेरच्या कॉमन गॅलरीत कान धरून उभं केलं, दीड तास. समोरच्या घरातल्या मुली क्लासला जाताना त्याच्या अंगावरून गेल्या आणि येतानाही गेल्या. मिसरूड फुटलेला मुलगा, दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरून. त्यानंतर दादाने रविवारी घरी थांबणंच सोडलं. आईकडे चामड्याच्या खोळीतला एक छोटा ट्रान्झिस्टर होता, माहेरून आणलेला. दुपारी भांडी घासताना ती त्यावर गाणी ऐकायची. "असल्या आवाजाने घरातले कान बिघडतात," म्हणून अण्णांनी तो एक दिवस वॉचमनला देऊन टाकला. येताजाता वॉचमनच्या खुर्चीखालून तो वाजताना ऐकू यायचा. आई तिथून जाताना पावलं हळू टाकायची.

मी ठाण्याला पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला होते, दुसऱ्या वर्षाला, तेव्हा अण्णांना वाटू लागलं की स्पीकरचा आवाज बसत चालला आहे. आधी त्यांनी सुईला दोष दिला. सुई बदलली. मग विजेच्या दाबाला. मग आईला. "ओल्या फडक्याने पुसतेस तू! ओल गेलीय आत." आई म्हणाली, "कोरडंच असतं हो." ते म्हणाले, "तोंड वर करून बोलू नकोस," आणि पुढचे कितीतरी दिवस ते फडकं तिला रोज त्यांच्या समोर आणून दाखवावं लागायचं, कोरडं आहे म्हणून. ते फडकं ते गालाला लावून बघायचे.

मीच म्हटलं, "अण्णा, आतले कंडेन्सर वाळले असतील. पंधरावीस वर्षांनी वाळतातच. बदलून बघू या." ते माझ्याकडे टक लावून बघत राहिले. बोलणाऱ्याच्या तोंडावर अशी नजर रोखून ठेवायची त्यांना सवयच होती, समोरचा अडखळायचा. आठवडाभर विचार करून त्यांनी परवानगी दिली, पण अटी घालून. लाकडाला एकही नवं भोक पडता कामा नये. एकही जुनी वस्तू फेकायची नाही. आणि ते म्हणतील त्या दिवशी सगळं जसं होतं तसं परत बसवून द्यायचं.

ते दिवस माझ्या त्या घरातल्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते, हे आज या वयात कबूल करायला हरकत नाही. अण्णा कामावर गेले की मी पेटी सतरंजीवर आडवी करायची आणि मागचे स्क्रू काढून कागदावर क्रमाने मांडायची. आत पिवळी पडलेली लोकर, जुन्या लाकडाचा आणि राळेचा वास. वरचा छोटा स्पीकर म्हणजे ट्वीटर, त्यातून बारीक, तीक्ष्ण आवाज येतात. खालचा मोठा वूफर, त्यातून भारदस्त. कुठला आवाज कुणाकडे जायचा ते वाटून देणारी एक छोटी पट्टी तळाशी चार स्क्रूंवर बसवलेली, तिला क्रॉसओव्हर म्हणतात. कंडेन्सर त्या पट्टीवर होते, आणि खरंच त्यांच्या बुडाशी पांढरी बुरशी आल्यासारखं झालं होतं. मी जुन्या पट्टीला डागणी, म्हणजे सोल्डरिंगची सळई, लावलीच नाही. ती अख्खी काढली, प्रत्येक तारेला औषधाच्या दुकानातल्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर नंबर घातले, आणि वर्तमानपत्रात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात ठेवली. मग हायलमच्या कडक शीटच्या तुकड्यावर त्याच मापाची नवी पट्टी केली, त्याच चार भोकांत बसणारी. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात दोन खेपा घालून चांगले कंडेन्सर आणले. तारा डाग देऊन न जोडता स्क्रूने आवळायची सोय ठेवली, म्हणजे कधीही सोडवता येतील. लोकरीच्या मागे फेल्टचे तुकडे लावले, तेही दोऱ्याने बांधून, गोंदाचा थेंब नाही. वर्गात चाळीस मुलांत मी एकटी मुलगी. ज्यांना कुणी मला हात लावू द्यायचं नाही अशी कामं मी त्या सतरंजीवर एकटीने केली आणि एकही तार चुकली नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी अण्णा यायच्या आधी मी रेकॉर्ड लावली. मोठ्या ख्यालाची होती, एका बाईंची, आम्ही शेकडो वेळा ऐकलेली. तानपुरा सुरू झाला आणि माझ्या दंडावर काटा आला. तारेमागे तार वेगळी ऐकू येत होती. आई पिठाने भरलेले हात तसेच घेऊन दारात येऊन उभी राहिली. बरंच ऐकून ती म्हणाली, "अगं, बाई श्वास घेते तेसुद्धा ऐकू येतंय." मग जरा वेळाने, "केवढी दमलीय बिचारी."

रविवारी अण्णांचे दोन नेहमीचे मित्र आले. पेडणेकर हे कारखान्यातलेच, आणि सहस्रबुद्धे मास्तर पूर्वेला बाजाची पेटी शिकवायचे. अण्णांनी डोळे मिटले, एक बाजू संपेपर्यंत हलले नाहीत. डोळे उघडून म्हणाले, "मेला आवाज. होता त्याहून मेला." मास्तर चाचरत म्हणाले, "मला तर खुलल्यासारखा वाटला." अण्णा त्यांना म्हणाले, "मास्तर, तुम्ही पेटीवाले. तुम्हाला सुराचं कळतं, आवाजाचं नाही." आणि माझ्याकडे वळले. "विलायती माणसाने बनवलेल्या वस्तूची वाट लावलीस. कसला डिप्लोमा करतेस? उद्यापासून आईबरोबर तांदूळ निवड. त्याला कान लागत नाहीत." मित्रांच्या देखत, एकेक शब्द सावकाश. मग म्हणाले, पुढच्या रविवारपर्यंत सगळं पूर्ववत झालं पाहिजे.

मी रडायला स्वयंपाकघरात गेले. आई पाटावर बसली होती आणि तांदळात हात फिरवत अगदी हलक्या आवाजात काहीतरी गुणगुणत होती. मला बघून थांबली. बाहेर अण्णांनी दुसरी बाजू लावली होती. आई उठून माझ्या डोक्यावरून हात फिरवायला आली, आणि माझ्या कानाशी बांगड्या वाजल्या. तिच्या हाताला रुमाल नव्हता. नऊ वाजून गेले होते, अण्णा पाच पावलांवर बसले होते, आणि आईच्या दोन्ही हातांत डझनभर काचेच्या बांगड्या किणकिणत होत्या. रडता रडता मी वर बघितलं. तिने मान खाली घातली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाली असतील. एकदा रुमाल बांधायची विसरले. आता घर डोक्यावर घेतात म्हणून जीव मुठीत धरून बसले, तर काहीच नाही. मग मुद्दाम ताटली वाजवून बघितली. मग झारा पाडून बघितला."

"म्हणजे त्यांना ऐकूच येत नाही?"

"जाडाभरडा आवाज येतो. आपण बोलतो तेही समजतं, समोर असलं की. बारीक आवाज गेले. त्या कारखान्यात काय आवाज असतो, तू बघितलेला नाहीस."

"आणि तू सांगितलं नाहीस? फडकं गालाला लावून दाखवत होतीस ना त्यांना?"

तिने माझं मनगट धरलं. "वैशू, ते डोळे मिटून बसले की हे तीन तास माझे असतात. मी गाते, माहिती आहे? लग्नानंतर तेवीस वर्षांनी गाते. तू बोलू नकोस. माझी शपथ आहे तुला."

मी मान हलवली. तिने ती होकारार्थी घेतली.

त्या आठवड्यात मी अण्णांना तपासत होते. ते पेपर वाचत असले की मागे उभी राहून किल्ल्यांचा जुडगा हलवायची. वाटीवर चमचा वाजवायची. ते पान उलटायचे. लोकांना वाटतं दुष्टावा कडू लागतो. मला तो गोड लागला, आणि आज घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर बसून हे लिहिताना त्या गोडीची आठवण पुसट झालेली नाही. कीव यायला हवी होती. यंत्राशेजारी उभं राहून आम्हाला पोसता पोसता गेलेले ते कान होते. कीव आली नाही. मी दादाला निरोप पाठवला की या रविवारी घरी थांब, बघण्यासारखं आहे.

पट्ट्या मी बदलल्या नाहीत. अण्णांना सांगितलं, जुनं सगळं परत बसवलंय. खरं तर शनिवारी मी प्रत्येक पेटीतला एकच स्क्रू सैल केला आणि ट्वीटरची तार सोडवून ठेवली. दोन्ही पेट्यांतले बारीक आवाज बंद. मग लावून बघितलं, तर गाणारी बाई गोधडी पांघरून गात असल्यासारखी. कुणाही माणसाला पहिल्या मिनिटाला कळलं असतं.

रविवारी पेडणेकर आणि मास्तर आले. दादा भिंतीला टेकून बसला. अण्णा म्हणाले, "पोरीकडून सगळं होतं तसं करून घेतलंय. ऐका आता." रेकॉर्ड सुरू झाली. मास्तरांनी चमकून पेट्यांकडे बघितलं, मग पेडणेकरांकडे. पेडणेकर पायाचं नख बघायला लागले. अण्णा डोळे मिटून, एक बोट हवेत हलवत, चेहऱ्यावर असं समाधान की तसं मी आधी आणि नंतर कधी पाहिलं नाही. बावीस मिनिटं. आतून आईचा गुणगुणण्याचा आवाज येत होता. तो आम्हा चौघांना ऐकू येत होता.

"आत्ता!" अण्णांनी डोळे उघडले. "हा मूळ आवाज. तानपुऱ्याची जवारी बघितलीत? अशी झिणझिण सुटते की अंगावर येते. आठवडाभर हिने ती मारून ठेवली होती."

मास्तर भले माणूस होते. म्हणाले, "हो. छान लागलं आज."

मी म्हटलं, "मास्तर, तुम्हाला जवारी ऐकू आली?"

"अगं, असू दे."

"नाही, सांगा ना. पेडणेकर काका, तुम्ही सांगा."

"वैशाली!" अण्णा म्हणाले.

मी उठले, पेटीच्या तोंडावरचं कापड काढलं, मग पेटी फिरवून मागची फळी काढली. फळीचे स्क्रू आधीच सैल करून ठेवले होते. सुटी तार बोटात धरून सगळ्यांना दाखवली. "हा ट्वीटर. जवारी यातून येते. तो बंद आहे. त्या पेटीतलाही. काल संध्याकाळपासून."

अण्णा तारेकडे बघत होते. "म्हणजे?"

"म्हणजे गेल्या रविवारी आवाज मेलेला नव्हता. हा मेलेला आहे." आणि मग मी ते वाक्य बोलले. ते मी आठवडाभर तोंडात घोळवत होते. "कान नाहीत अण्णा. नुसती दोन भोकं आहेत."

एवढ्यावर थांबता आलं असतं. मी थांबले नाही. स्कर्टच्या खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यांच्या खुर्चीच्या मागे गेले आणि हलवला, एकदा एका कानाशी, एकदा दुसऱ्या. सगळ्यांच्या नजरा किल्ल्यांकडे गेल्या. अण्णा सगळ्यांच्या नजरा बघत होते आणि त्या कशाकडे वळल्यात हे त्यांना कळत नव्हतं. त्यांनी हळूच मान वळवली आणि माझ्या हातात, आपल्या कानापासून चार बोटांवर, हलत्या किल्ल्या बघितल्या.

दादा हसला. मोठ्याने, पोट धरून. गॅलरीतले ते दीड तास तो हसत होता. आई दारात येऊन उभी होती, बांगड्या सावरत, आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. अण्णांची नजर तिच्या रुमाल नसलेल्या हातांवर गेली.

अण्णांनी हात उगारला नाही. उठले, रेकॉर्ड काढून पाकिटात घातली. दोनदा प्रयत्न करावा लागला, कड सापडत नव्हती. म्हणाले, "मास्तर, चहा घेऊन जा." पण कुणी थांबलं नाही. पेडणेकर जाताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला गेले आणि तो त्यांनी झटकला.

मग ते मला म्हणाले, "खरोखर होतं तसं कर. जुनं सगळं."

मी दुसऱ्या दिवशी केलं. डब्यातून जुन्या पट्ट्या काढल्या, नंबर बघून तारा लावल्या, फेल्ट सोडवलं. कुठेही एक ओरखडा नव्हता. ते खुर्चीत बसून बघत होते. मी रेकॉर्ड लावली. आणि मग, माझ्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच, त्यांनी मला काहीतरी विचारलं जे त्यांना माहीत नव्हतं. "नीट वाजतंय का गं?"

मी म्हटलं, "ऐका की. कळेलच तुम्हाला."

तेवढंच. एक 'हो' म्हणायला काय लागलं असतं? त्या वाक्याचा मी नंतर किल्ल्यांपेक्षाही जास्त विचार केला आहे. किल्ल्या रागाच्या भरात हलवल्या. हे मी अगदी शांतपणे बोलले होते.

त्या आठवड्यातच त्यांनी स्पीकर मास्तरांकडे पोचवले, रेकॉर्डींसकट. घरात रविवारी कुकर वाजू लागला, दादा मित्रांना घेऊन येऊ लागला, बोंबील गरम मिळू लागले. मला वाटलं, मी घर सोडवलं. पण अण्णांनी वेताची खुर्ची उचलली आणि स्वयंपाकघराच्या दारात आणून ठेवली. सुट्टीच्या दिवशी, आणि निवृत्त झाल्यावर रोज, ते तिथे बसून आईच्या तोंडाकडे बघत राहायचे. टक लावून, पापणी न लववता. बायको आपल्यापासून काय काय लपवत होती ते आता त्यांना हुकू द्यायचं नव्हतं. त्यांच्यासमोर तिचे ओठ हलेनात. गाणं तर दूरच, ती देवाचं म्हणणंही मनात म्हणू लागली. मला तिने एकदाच विचारलं, कणीक मळताना, पाठ करून. "मिळालं ना तुला हवं ते?" शपथ मोडल्याबद्दल त्याहून अधिक एक अक्षर ती बोलली नाही, आणि माझ्या लग्नानंतर दहा वर्षांनी गेली.

कानाचं मशीन लावून घ्यायला अण्णांनी शेवटपर्यंत नकार दिला. त्यामुळे आम्हाला एक सवय लागली, आणि ती किती घाणेरडी होती हे लागताना कळलं नाही. आम्ही त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलू लागलो. आधी हळू आवाजात, मग नेहमीच्या. माझे यजमान, दादा, वहिनी, सगळेच. "आज किती खाल्लं बघ." "धोतराला वास येतोय." "यांनी आईला आयुष्यभर जाळलं." ते पानात बघत जेवायचे किंवा आमच्याकडे बघत राहायचे, आणि आम्ही फर्निचरसमोर बोलावं तसे बोलत राहायचो.

एका दुपारी दादाकडे जेवायला बसलो होतो. डोंबिवलीची जागा बिल्डरला द्यायची होती, अण्णांचं काय करायचं हा प्रश्न होता. दादाने बदलापूरच्या पुढचा एक वृद्धाश्रम बघून ठेवलेला. वहिनी म्हणाली, "लोक काय म्हणतील?" मी आमटीत भात कालवत म्हटलं, "त्यांना काय फरक पडतो? इथे भिंती, तिथे भिंती. ऐकू येत नाही, कळत नाही. सोडून या नि मोकळे व्हा."

"आमटी वाढ," अण्णा वहिनीला म्हणाले. तिने वाढली. मग ते माझ्याकडे बघत, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "पंचवीस वर्षं प्रेसवर होतो. तिथे कानाने कोण ऐकतं? तोंडाशी तोंड आणलं तरी ऐकू येत नाही. आम्ही सगळे ओठ बघूनच बोलायचो. पेडणेकरला तर मी शॉपच्या त्या टोकाहून वाचायचो."

मी मनात वर्षं मोजत होते. प्रत्येक जेवण, प्रत्येक दिवाळी, आईच्या श्राद्धाला जमलेलो असताना मी त्यांच्या समोर बसून दादाला जे बोलले होते ते. अण्णांनी आमटीचा भुरका मारला. "कधी न्यायचं ते सांगा. बॅग भरायला एक दिवस लागेल."

वाचणाऱ्याला वाटेल की मग आम्ही त्यांना नेलं नसेल. नेलं. आठवड्याभरात. आता त्यांच्यासमोर राहणं आम्हालाच अशक्य झालं होतं.

तिथली खोली स्वच्छ होती. एक खाट, एक कपाट, खिडकीबाहेर आवळ्याचं झाड. दादा ऑफिसात सह्या करत होता. मी अण्णांच्या पायाशी, जमिनीवर बसले, आणि माझं बोलणं सुरू झालं. शपथ मोडल्याचं, किल्ल्यांचं, "कळेलच तुम्हाला" म्हटल्याचं, सगळं. ओठ नीट हलवत, एकेक शब्द सुटा करून, त्यांना वाचता यावा म्हणून. ते आवळ्याच्या झाडाकडे बघत होते. मी सरकून खिडकीच्या बाजूला गेले. त्यांनी नजर भिंतीकडे नेली. मी त्यांचा गुडघा धरून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, तर त्यांनी डोळे मिटले.

पाण्याचा तांब्या ठेवायला एक मावशी आत आली. तिने मला रडताना बघितलं, त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी डोळे उघडले ते तिच्याकडे. ती म्हणाली, "आजोबा, मुलगी काहीतरी सांगतेय तुम्हाला."

"माहिती आहे," अण्णा तिला म्हणाले, आणि पुन्हा डोळे मिटून घेतले.